इंदूचा कॅमेरा आणि समोरचं घर

इंदू गेल्याचा फोन तिच्या मुलाचा, अजितचा आला. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. पलीकडे कुणीतरी फरशीवरून खुर्च्या ओढत होतं, तेवढाच आवाज येत राहिला. "त्रास झाला का रे?" मी विचारलं. "नाही. चहा मागितला होता. सुजाता घेऊन आली तोवर..." वाक्य त्यानं तिथंच सोडलं. सुजाता म्हणजे त्याची बायको. मी साताऱ्याला लेकीकडे होते, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, सांगलीला जाणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अजितनं पेपरातली निधनवार्ता मोबाइलवर पाठवली. धर्मपरायण, मनमिळाऊ, मागे मुलगा, सून, नातवंडं... आणि वर एक फोटो. कुठल्याशा लग्नात काढलेला, डोक्यावरून पदर, नजर समोर, चेहऱ्यावर काहीच नाही. इंदूला हा फोटो मुळीच आवडला नसता. तिनं स्वतः उभ्या जन्मात असा फोटो काढला नाही. इंदू फोटो काढायची, हे आज तिच्या नातवंडांनाही नीटसं ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांतले बहुतेक गेले आणि जे आहेत त्यांना ते आठवायचं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी मूळची वाईची. लग्नानंतर सांगलीला आले आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेत शिकवू लागले. गावभागात, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. शेजारच्या घरात इंदू राहायची. तिचे यजमान भूपालराव हळदीच्या अडत दुकानात कामाला होते. संध्याकाळी परतायचे तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या असायच्या. आम्ही सामान लावत होतो त्याच दिवशी इंदू दारात येऊन उभी राहिली. "मी मगाशीच येणार होतो, पण दूध उतू गेलं बघ. काय लागलं-सवरलं तर हाक मार." मला हसू फुटलं. आमच्या वाईला बायका 'मी येणार होतो' म्हणत नाहीत. तिच्या ते लक्षात आलं. "हसतीस काय? आमच्यात बायका असंच बोलतात," असं म्हणून तीही हसायला लागली. मिरजेच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या जैन शेतकऱ्याची ती लेक. शाळा सातवीत सुटलेली. पण कुठल्याही गोष्टीकडे टक लावून बघायची तिला सवय होती. भाजीवाली पैसे मोजताना बोट कसं ओलं करते, म्हातारा न्हावी वस्तरा पाजळताना तोंड कसं वाकडं करतो, हे ती मला हुबेहूब करून दाखवायची.

कॅमेरा तिच्याकडे भावाकडून आला. तो पुण्याला नोकरीला होता. हौसेनं कुणाकडून तरी जुना घेतला, वर्षभरात कंटाळला आणि राखीपौर्णिमेला बहिणीला देऊन मोकळा झाला. काळा, डब्यासारखा, डोळ्याला न लावता पोटाशी धरून वरच्या काचेत बघायचा. रोलमध्ये बारा फोटो. त्या काळी फोटो म्हणजे लग्न, बारसं, नाहीतर नोकरीच्या अर्जाला लागणारा. माणसं स्टुडिओत जाऊन पावडर लावून घ्यायची, खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून श्वास रोखून बसायची. इंदूनं मात्र पहिल्याच रोलपासून भलतंच काही काढायला घेतलं. एसटी स्टँडवर ट्रंकेला डोकं टेकून झोपलेली बाई. हळदीच्या गोदामातून सुटून घरी निघालेल्या बायका, तोंडं इतकी हळदीनं भरलेली की नवऱ्या मुलींची रांग वाटावी. भडंगवाला गिऱ्हाईक नसताना स्वतःच भडंग खात बसलेला. घाटावर वाळत घातलेल्या नऊवाऱ्या आणि त्यांच्या सावलीत निजवलेलं पोर. ती कॅमेरा पदराआड पोटाशी धरून उभी राहायची, समोरच्या बाईशी भाकरीपासून सासूपर्यंत सगळं बोलायची आणि ती बाई कॅमेऱ्याला पुरती विसरली की हळूच खाली मान घालून खटका दाबायची. रोल धुवून देणाऱ्या स्टुडिओवाल्या बापूंना ते बघवत नसे. "वैनी, रोल काय सस्ता हाय व्हय? माणसं जरा उभी तरी करा की नीट. ही बाई तर भांडी घासतीया!" इंदू म्हणायची, "मग? ती रोज भांडीच घासती. खुर्चीत कवा बसती ती?"

एकदा मे महिन्याच्या सुट्टीत ती माझ्याबरोबर वाईला आली. माझे वडील कडक. पहाटे घाटावर स्नानाला जायचे, तिथं पंचा नेसून खळखळून चूळ भरत असताना या बाईनं त्यांचा फोटो काढला. घरी येऊन त्यांनी मला झापलं, "ही कसली तुझी मैत्रीण? माणसाच्या चुळा भरण्याचे फोटो काढते?" पुढे तो फोटो आला तेव्हा त्यांनी बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "मागं देवळाची पायरी छान आलीय." तेवढंच. पण तो फोटो त्यांनी परत दिला नाही. तो काळ आमचा फार सुखाचा होता. आज मागे वळून बघताना त्याच्यावर पुढच्या गोष्टींची सावली पडते, पण तेव्हा ती नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष असेल. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी गिळता गिळत नसत. त्या वर्षी आमच्या समोरच्या घरात सून आली. रत्ना तिचं नाव. विट्याकडच्या एका खेड्यातली, हवालदार होऊन पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसाची थोरली मुलगी. नवरा विट्याकडच्या पुष्कळ तरुणांसारखा गलाईच्या, म्हणजे सोनं गाळण्याच्या धंद्यात, दूर दक्षिणेत कुठल्याशा शहरात. लग्न करून पंधरा दिवस राहिला आणि पुन्हा भट्टीवर गेला. वर्षातून एकदा, फार तर दोनदा यायचा. घरात सासू आणि एक दीर. सासूला सगळा बोळ आक्का म्हणायचा. दुष्काळातलं लग्न, हवालदारानं साधेपणानं उरकलेलं. मानपान झाला नाही, ही सल आक्कांच्या मनातून गेली नाही. "पंगतीत लाल भाकरी वाढली आमच्या माणसांना," हे त्या नळावर उभ्या राहून, सून ऐकत असताना, सगळ्यांना सांगायच्या.

बोळाच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. तिथंच इंदूची आणि रत्नाची गट्टी जमली. रत्ना अठरा-एकोणीस वर्षांची, उंच, बोलायला लागली की थांबायची नाही. राखेनं भांडी घासता घासता नाकावर राख लागलेली आणि कशावरून तरी खदाखदा हसणारी रत्ना, असा एक फोटो इंदूनं काढला होता. "वैनी, नाकाला राख लागलेला फोटो कुणी काढतंय व्हय? त्यास्नी धाडायचा तर कसा धाडू?" ती म्हणाली होती. "असाच धाड. त्यालाबी कळू दे तू कशी हसतीस," इंदू म्हणाली. पण तो फोटो तिनं नेला नाही. घरात ठेवायला जागा नाही म्हणाली. जागा नाही याचा अर्थ आम्हाला हळूहळू कळत गेला.

बोळ अरुंद होता, घरं समोरासमोर. आत काय चाललंय ते लपत नसे. आधी आक्कांचा आवाज यायचा, मग भांडं आपटल्याचा, मग काहीच नाही. हे 'काहीच नाही' सर्वांत वाईट असे. रत्ना नळावर यायची ती डोक्यावरून पदर ओढून. बोलणं कमी झालं. सांगायला गेलं तर आक्का म्हणायच्या, "आमच्या घरातलं आमी बघतो. तुमच्या सुना तुमी सांभाळा." बोळातल्या थोरल्या बायकांनी समजूत घातली, भूपालराव दिराशी बोलून बघून आले. नवऱ्याला कळवावं म्हटलं तर रत्नानं इंदूचे हात धरले. "नगा वैनी. ते तिकडनं आईलाच इचारत्यात, आन् मग..." एकदा ती माहेरी गेली. आता परत येत नाही, असं आम्हाला वाटलं. चार दिवसांत हवालदार स्वतः तिला घेऊन आले, आक्कांच्या पाया पडले, चहा घेतला आणि गेले. धाकटी लेक लग्नाची होती त्यांची. थोरली घरी बसली तर धाकटीला कोण करून घेणार, असा तो हिशेब.

त्या थंडीत एके सकाळी इंदू कॅमेरा घेऊन नळावर गेली होती. पितळेच्या घागरीतून उन्हात वाफा निघत होत्या, तो फोटो तिला हवा होता. रत्ना एकटीच भांडी घासत बसली होती, पाठमोरी, बाह्या कोपराच्या वर सरकवलेल्या. इंदू तिच्या बाजूला गेली आणि काचेत तिला ते दिसलं. मनगटापासून कोपरापर्यंत उलथन्याचे चटके. काही जुने, काळे पडलेले, काही ओले. इंदूनं नंतर मला सांगितलं, "सुधा, मी कॅमेरा खाली घेणार होतो. तेवढ्यात तिनं मान वळवून बघितलं माझ्याकडं. मला वाटलं आता पदर ओढंल. न्हाई ओढला. हात तसाच घागरीवर ठेवला आन् बघत राहिली, मी खटका दाबंपर्यंत. मग म्हणाली, झालं का वैनी? आन् परत घासायला लागली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत, दुपारच्या वेळी, समोरच्या घरातून किंकाळी आली. मी शाळेत होते. इंदूनं घोंगडं घेऊन धाव घेतली, आणखी दोघी-तिघी धावल्या. भाजलेल्या रत्नाला सरकारी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. स्टो भडकला, असं तिनं जबाबात सांगितलं, असं म्हणतात. आक्काही तेच म्हणाल्या. नेमकं काय घडलं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. स्टो त्या घरात होता आणि तो जुना होता, हेही खरं. इंदूच्या तळहातांवर घोंगड्यानं आग विझवताना आलेले फोड महिनाभर होते. ती भाकरी थापू शकत नव्हती म्हणून भूपालराव खानावळीतून डबा आणायचे.

रोल कॅमेऱ्यातच होता. फोड बरे झाल्यावर ती बापूंकडे तो देऊन आली. फोटो आणायला ती गेली तेव्हा मी बरोबर होते. बापूंनी नेहमीची थट्टा केली नाही. पाकीट तिच्या हातात दिलं, तिच्याकडे न बघता आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले आणि पडदा ओढून घेतला. त्यांनी तो एकच फोटो न सांगता मोठा करून दिला होता. चेहरा अर्धा वळलेला, डोळे सरळ कॅमेऱ्यात आणि पुढे तो हात. काळ्या-पांढऱ्यात डाग अधिकच काळे दिसत होते. इंदू तो घेऊन चौकीवर गेली. तिथल्या जमादारानं फोटो उलटसुलट करून बघितला. "बाई, चुलीम्होरं कुणाचा हात भाजत न्हाई? पंचनामा झाला. तिच्या बापाची तक्रार न्हाई, तुमी कोण?" इंदूनं फोटो त्याच्या हातातून परत घेतला. ती घरी आली आणि फोटो कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला. 'तुमी कोण' हे शब्द मात्र ती पुढे कितीतरी वेळा पुटपुटायची.

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण उन्हाळा लागता लागता आक्काच नळावर बोलल्या. घर उघडं ठेवून चालत नाही, लेकाचं पुन्हा करायचं, आणि बाहेरची कशाला, हवालदाराची धाकटी आहेच की. माणूस चांगला, नातं तुटायला नको. इंदूची घागर भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं. त्या रविवारी ती मला म्हणाली, "विट्याला जायचं. तू येतीस?" भूपालरावांनी तिला अडवलं नाही. "जा. पण फोटो दाखवून तू त्या बापाचं काय करणार आहेस, ते एकदा मनाशी ठरव," एवढंच ते म्हणाले.

विट्याहून पुढे दुसरी एसटी, मग उन्हातून चालत. हवालदारांचं घर गावाबाहेर, दारात लिंबाचं झाड. आम्ही सांगलीहून आलो म्हटल्यावर ते उभे राहिले, आमच्यासाठी घोंगडी अंथरली. ताठ माणूस, पांढऱ्या मिशा. इंदूनं फार प्रस्तावना केली नाही. पिशवीतून फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"मला का दावताय हे?" ते म्हणाले. आवाज शांत होता.

"धाकटीला त्याच घरात देताय, असं कानावर आलं."

"जावई वाईट न्हाई. लांब असतोय. त्येनं हात लावला न्हाई पोरीला."

"ज्यांनी लावला त्यांचं घर तेच हाय की, मामा."

हवालदारांनी नजर लिंबाकडे वळवली. मग म्हणाले, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या शहरातल्या. एक पोरगी गेली. आता ही दुसरी. थोरली भाजून मेली म्हणून लोक ह्या घरात सोयरिक करायला भ्यात्यात. गावात बोलत्यात, पोरीतच खोट आसंल. तिथनं मागणी आलीया, मी न्हाई म्हणू? म्हातारी सासू आज हाय, उद्या न्हाई..."

त्यांचं वाक्य संपायच्या आत आतून त्यांची मालकीण बाहेर आली. ती दाराआड उभी राहून ऐकत होती, हे आम्हाला कळलं नव्हतं. तिनं काही न विचारता इंदूच्या हातातून फोटो घेतला, डोळ्यांजवळ नेला. तिला नीट दिसत नसावं. मग ती उन्हात गेली, तिथं उभी राहिली आणि फोटोतल्या त्या हातावरून अंगठा फिरवायला लागली, पुन्हापुन्हा, खरपूड काढावी तशी. "हात माझ्या रत्नीचा हाय," ती म्हणाली. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमी तिला परत घालवाय गेला, तवा म्या सांगितलं हुतं तुमास्नी. तवा हे हुतं हातावर. म्या आंघुळ घातली हुती तिला." हवालदार उठले आणि घराच्या मागच्या बाजूला निघून गेले. आम्ही दोघी तशाच बसून. आतून धाकटी सुमन चहा घेऊन आली. हुबेहूब रत्नाची उंची. कपबशी ठेवताना तिच्या हातून बशीत चहा सांडला. आईनं फोटो परत दिला नाही आणि आम्ही मागितला नाही. परतीच्या एसटीत इंदू खिडकीला डोकं टेकून बसली होती. "मी बरं केलं का वाईट केलं, सुधा?" असं तिनं एकदाच विचारलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं.

लग्न मोडलं. हवालदारांचा निरोप आला, की आमची मुलगी द्यायची नाही. कारण सांगितलं नव्हतं, पण आक्कांना ते शोधायला वेळ लागला नाही. एके सकाळी त्या आमच्या बोळाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि इंदूच्या दाराकडे तोंड करून बोलायला लागल्या. ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. इंदूच्या लेकराबाळांपासून तिच्या धर्मापर्यंत कुणी सुटलं नाही. "घराघरांत डोकावून फोटो काढती, सटवी! आज माझं घर मोडलं, उद्या तुमची मोडंल, ध्यानात ठेवा बायांनो!" इंदू दारात उभी राहून ऐकत होती. आत गेली नाही. भूपालराव तिच्या मागे येऊन उभे राहिले, तेवढाच तिला आधार. पण त्या दिवशी आक्कांनी जे शेवटी सांगितलं, ते बोळानं ध्यानात ठेवलं.

दारातला आरडाओरडा इंदूनं सहन केला. तिला जे सोसलं नाही ते पुढे घाटावर घडलं. पंधरा-वीस दिवसांनी ती पुन्हा कॅमेरा घेऊन नदीवर गेली. मीही धुणं घेऊन गेले होते. त्याच बायका, त्याच दगडांवर. ज्यांचे ओले केस, फाटके पदर, तान्ही पोरं इंदूनं वर्षानुवर्षं काढली होती, ज्या तिला हाक मारून जवळ बसवून घ्यायच्या. इंदूनं कॅमेरा पोटाशी घेतला आणि पहिलीनं पाठ फिरवली. मग दुसरीनं. कुणी ठरवून केलं असं वाटलं नाही. वारा आल्यावर गवत लवावं तशा त्या एकेक करून वळत गेल्या आणि घाटावर नुसत्या पाठी राहिल्या. एक वयस्कर बाई, धुणी धुऊन पोट भरणारी, इंदूला लेकीसारखी मानायची, ती मागे न बघता म्हणाली, "बाई, आमचा नगा काढू. तुमच्या फोटूनं लगीन मोडतंय म्हणं." त्यात राग नव्हता. भीती होती, आणि थोडी लाजही. इंदूनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. धुणं पिळायला मला मदत केली, पिळाची दोन्ही टोकं धरून आम्ही उभ्या राहिलो, तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. रत्ना गेली तेव्हाही तो असा झाला नव्हता.

त्यानंतर काही महिने तिनं माणसं नसलेले फोटो काढले. रिकामा नळ. रिकामं एसटी स्टँड, बाकावर कुणीतरी विसरलेली पिशवी. गोदामाच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपला. भडंगवाल्याची झाकून ठेवलेली गाडी. बापू आता काहीच म्हणत नसत, धुवून देत. ते फोटो मी बघितले आहेत. माझ्यासारख्या अडाणी डोळ्यालाही कळायचं, की या प्रत्येक जागेवरून कुणीतरी नुकतंच उठून गेलंय. मग रोल आणणंही थांबलं. कधी थांबलं ते सांगता येणार नाही. अजितच्या शाळेचं निमित्त, सासऱ्यांचं आजारपण... कॅमेरा पुढे भावाच्या मुलानं खेळायला नेला आणि त्याची भिंगं काढून टाकली. इंदूनं ते मला सांगितलं, तेव्हा ती शेंगा सोलत होती. सोलायची थांबली नाही.

कुणी म्हणेल, पण एक मुलगी तर वाचली. मीही तेच म्हणायचे. सुमनचं लग्न दोन वर्षं जमलं नाही. शेवटी रहिमतपूरच्या बाजूला एका बिजवराला दिली, त्याची दोन मुलं होती. माझी तोवर साताऱ्याला बदली झाली होती. काही वर्षांनी साताऱ्याच्या स्टँडवर एक उंच बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कडेवर मूल. मी दचकलेच, मला क्षणभर रत्ना वाटली. "बाई, वळखलं न्हाई? सुमन. तुमी आला हुता तवा च्या सांडला हुता बघा माज्या हातनं." मी विचारलं, "कशी आहेस गं?" तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. आई गेली म्हणाली. तो फोटो आईनं शेवटपर्यंत देव्हाऱ्यात ठेवला होता, हळदकुंकू वाहायची त्या हाताला. बापानं त्यानंतर देव्हाऱ्यासमोर पाऊल टाकलं नाही. गाडी लागली, ती चढली आणि खिडकीतून वाकून म्हणाली, "सांगलीच्या वैनी भेटल्या तर सांगा, मी हाय म्हणावं." पुढच्या खेपेला सांगलीला गेले तेव्हा मी हे इंदूला सांगितलं. तिनं सुमनचं बोलणं मला पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "बरी हाय का?" मी म्हटलं, "ते नाही बोलली. हाय म्हणाली." इंदूनं मान हलवली. "व्हय. हाय," ती म्हणाली, जणू काही एखादी वस्तू जागेवर आहे की नाही ते तिनं चाचपून बघितलं.

भूपालराव गेले, बोळातलं घर सुटलं. अजितनं गावाबाहेर बंगला बांधला, त्याच्या वरच्या मजल्यावर इंदूची खोली. आमच्या भेटी वर्षा-दोन वर्षांनी व्हायच्या. फोनवर ती पूर्वीसारखीच, 'मी जेवलो, मी झोपलो' म्हणायची आणि मला अजून हसू यायचं.

गुडघा वाकायला लागल्यावर, गेल्या आठवड्यात, मी सांगलीला जाऊन आले. सुजातानं मला वरच्या खोलीत नेलं. खाट खिडकीला लावलेली, भिंतीकडच्या सावलीत नव्हे, भर उन्हात. "किती वेळा म्हटलं आईंना, खाट आत घेऊ, चटके बसतात. ऐकायच्याच नाहीत. दिवसभर इथंच," सुजाता म्हणाली आणि चहा करायला खाली गेली. मी खाटेच्या कडेला बसले, इंदू बसायची तशी. खिडकीतून मागच्या बाजूच्या भाड्याच्या खोल्यांची रांग दिसते, पत्र्याच्या, एकाच लांब ओट्याच्या. एक बाई पोराला दोन पायांच्या बेचक्यात धरून त्याचं डोकं विंचरत होती. दुसरी सूप घेऊन ज्वारी पाखडत होती, कोंड्याचा ढग तिच्या खांद्यावरून जात होता. एक म्हातारा बनियन वर करून पोट खाजवत बसला होता. कुणाचंच कुणाकडे लक्ष नव्हतं. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. सूपवालीची मान वर झाली आणि तिला खिडकीत मी दिसले. मला वाटलं, आता ही पाठ फिरवणार. तिनं डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं आणि ओरडून विचारलं, "आजी न्हाईत व्हय आता?"

"नाहीत," मी म्हटलं.

"तरीच म्हणलं. रोज बसायच्या तितं." तिनं सुपातली ज्वारी हातानं सारखी केली. "चार वर्सं झाली, रोज बघायच्या आमच्याकडं. पयलं लय अवघडल्यागत व्हायचं, मग सवं झाली. आता कोण न्हाई बघाय, तर काम उरकतच न्हाई बघा."

सुजाता चहा घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "मी थोडा वेळ बसते गं इथं." आणि ऊन उतरेपर्यंत बसले. खाली ती बाई पाखडत राहिली.